वेलीवरचे फळ केव्हा तोडावे?

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणमध्ये नाथषष्ठीची यात्रा भरते. ठिकठिकाणच्या दिंड्या गोदाकाठी येतात आणि गाव गजबजून जाते. याच सुमारास गंगाथडीच्या मळ्यांत आणि परसबागांत आणखी एक हंगाम सुरू झालेला असतो. थंडी ओसरताना, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत लावलेल्या काकडी, दोडका, दुधी आणि कारल्याच्या वेलींवर फुले दिसू लागतात. त्यानंतर दीड-दोन महिने हे वेल जवळजवळ रोज काही ना काही देत राहतात. घेणाऱ्याला ते वेळेवर घेता आले पाहिजे, एवढीच अट असते.

पैठणच्या शेतकऱ्याला ही वेळ शिकवावी लागत नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून नाथसागराचे पाणी जसजसे मागे सरते, तसतशी उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर शेती केली जाते. तिला ‘गाळपेर’ म्हणतात. पाणी परत येण्याआधी पीक पदरात पाडून घ्यावे लागत असल्याने अशा जमिनीवर उशीर परवडत नाही.

प्रश्न पडतो तो शहरातील हौशी बागायतदाराला. याच नाथसागरातून छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी मिळते. मात्र तेथील अनेक वसाहतींतील नागरिकांनी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळावर दिवस काढले आहेत. अशा शहरात गच्चीवरील कुंडीत दुधीचा वेल जगवणे म्हणजे बादली-बादलीचा हिशेब असतो. इतक्या कष्टाने लागलेले फळ ‘अजून थोडे मोठे होऊ दे’ म्हणून वेलीवर राहते आणि एके दिवशी ते तोडले, तर आत टणक बिया आणि कापसासारखा गर निघतो. पाणी, खत आणि दोन महिन्यांची वाट पाहणे वाया जाते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही, कारण त्या एका फळापायी पुढची फळेही हुकतात.

फळाची दोन वये

वेल फळ धरतो तो माणसासाठी नव्हे, तर बीजासाठी. बी पूर्ण भरून पक्व झाले की वनस्पतीचे कार्य सिद्धीस जाते. स्वयंपाकघराची गरज मात्र वेगळी असते. तिला काही फळे बी तयार होण्याच्या बरीच आधी, कोवळेपणी हवी असतात, तर काही बी पूर्ण भरल्यानंतर, पक्व झाल्यावर. काकडी, दुधी, दोडका, गिलके, कारले, पडवळ, ढेमसे आणि तोंडली पहिल्या गटात येतात. लाल भोपळा, कोहळा, कलिंगड आणि खरबूज दुसऱ्या गटातील होत. तोडणीची वेळ चुकते ती बहुधा हे दोन गट एकत्र केल्यामुळे. दुधीला भोपळ्याचा न्याय लावला तर तो निबर होतो आणि भोपळ्याला दुधीचा न्याय लावला तर तो पाणचट राहून लवकर सडतो.

पाश्चात्त्य देशांतही हाच भेद केला जातो. तेथे ‘उन्हाळी स्क्वॅश’ आणि ‘हिवाळी स्क्वॅश’ असे दोन प्रकार मानतात. ही नावे वाढीच्या ऋतूवरून पडलेली नाहीत. उन्हाळी म्हणजे कोवळे तोडून लगेच खायचे आणि हिवाळी म्हणजे पक्व करून थंडीसाठी साठवायचे. आपल्याकडील मोठ्या दुकानांतून दिसणारी झुकिनी पहिल्या प्रकारची, तर बटरनट दुसऱ्या प्रकारचे. लाल भोपळ्याचे मूळही अमेरिका खंडातच आहे. मिरची आणि टोमॅटोप्रमाणे तो समुद्रमार्गे भारतात आला आणि मराठवाड्यात ‘काशीफळ’ म्हणून असा रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही उरले नाही.

कोवळ्या फळांच्या बाबतीत उशीर दुहेरी महाग पडतो. एखाद्या फळातील बी भरू लागले की वेलीने पानांत तयार केलेली साखर प्रामुख्याने त्या फळाकडे वळते. नव्या कळ्या उपाशी राहतात, लहान फळे पिवळी पडून गळतात आणि मादी फुलांचे प्रमाण घटते. पानाआड लपून राहिलेली एक जून काकडी सबंध वेल थंडावायला पुरेशी असते. याउलट फळ वेळेवर तोडले की वेल पुन्हा फुलावर येतो. म्हणून कोवळ्या भाज्यांची तोडणी हा केवळ शेवटचा टप्पा नसतो, तर मशागतीचाच एक भाग असतो.

दिवस मोजावे फुलापासून

बियांच्या पाकिटावर ‘लागवडीपासून ५५ दिवस’ असा काहीसा मजकूर असतो. तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, पण हवामान, माती आणि पाणी यांनुसार त्यात बराच फरक पडतो. खरी गणना मादी फूल उमलल्या दिवसापासून करावी. या कुळातील बहुतेक वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. नर फूल नुसत्या बारीक देठावर येते, तर मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. सुरुवातीची बरीच फुले नर असतात आणि ती गळतात. त्यात काळजीचे कारण नाही. कडक उन्हातही नर फुलांचे प्रमाण वाढते.

कोवळ्या फळाला बोट दाखवले की ते कुजते, दाखवायचेच तर बोट मुडपून दाखवावे, अशी समजूत घरोघरी ऐकू येते. फळ पिवळे पडून गळते हे खरे, मात्र त्याला बहुधा अपुरे परागीभवन कारणीभूत असते. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात, तेव्हा नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. काकडी, कारले, गिलके आणि लाल भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, तर दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी. त्यामुळे हे काम ज्या त्या वेळी करावे लागते. त्याच वेळी देठाजवळ सैलसर दोरा बांधून तारीख टिपून ठेवली, तर पुढचा अंदाज चुकत नाही.

कोवळेपणाच्या खुणा

फूल उमलल्यापासून काकडी साधारण सात ते दहा दिवसांत तोडणीस येते. ती एकसारखी जाड, टणक आणि तजेलदार असावी. टोक फुगू लागले किंवा सालीवर पिवळसर झाक आली, तर बी भरू लागले असे समजावे. ‘कोल्हा काकडीला राजी’ अशी म्हण असली तरी जून काकडीला खुद्द कोल्हाही राजी होईल की नाही, शंकाच आहे. मराठवाड्यात आवडीने खाल्ले जाणारे वाळूक मात्र पिकल्यावरही गोडीने खाल्ले जाते. तेथे हा नियम सैल करावा.

दुधीला बारा ते पंधरा दिवस लागतात. कोवळ्या दुधीच्या सालीवर बोटाला जाणवणारी मऊ लव असते आणि नख सहज रुतते. लव झडून साल गुळगुळीत व कडक झाली की वेळ टळली. बाजारात हातभर लांबीचा दुधी दिसतो म्हणून कुंडीतील दुधीनेही तेवढे व्हावे, हा आग्रह सोडावा. जातीनुसार आणि मातीच्या खोलीनुसार आकार बदलतो, लव आणि नखाची परीक्षा मात्र बदलत नाही.

दोडका आणि गिलके यांचे दिवस आणखी थोडे. दोडका सात ते दहा दिवसांत, तर गिलके पाच-सात दिवसांत तयार होते. दोडक्याच्या शिरा हाताला मऊ लागल्या पाहिजेत. या दोन्ही फळांत वय वाढेल तसे धाग्यांचे जाळे तयार होते. वेलीवरच वाळलेल्या गिलक्याची जाळी अंग घासायला उत्तम, पण भाजीत ती कोणाला नको असते.

कारल्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याच्यावरील उंचवटे भरलेले आणि चमकदार दिसू लागले की ते तोडावे. टोकाकडे पिवळी छटा दिसताच ते पिकू लागते आणि एक-दोन दिवसांत उकलून आतील लाल बिया दाखवते. ढेमसे लिंबापेक्षा थोडे मोठे, लवदार आणि आत बी दुधाळ असतानाच घ्यावे. तोंडली चिरल्यावर आत लाल निघाली तर ती उशिरा तोडली गेली. झुकिनी तर मादी फुलापासून चार ते सहा दिवसांतच वीतभर होते आणि दोन दिवस दुर्लक्ष झाले की तिचा सोटा होतो.

पक्व फळांची भाषा

लाल भोपळ्याच्या बाबतीत संयम हाच गुण. फळ धरल्यापासून त्याला साधारण दीड महिना लागतो. तो तयार झाल्याची पहिली खूण देठावर दिसते. हिरवा, रसरशीत देठ सुकून बुचासारखा लाकडी होतो. सालीची चमक जाऊन ती मंद दिसते, नख दाबले तरी वण उमटत नाही आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळसर होतो. तोडताना दोन-तीन बोटे देठ राखावा. देठ मोडला की त्याच जागेतून कूज शिरते. नंतर आठ-दहा दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवल्यास साल आणखी कडक होते आणि भोपळा काही महिने टिकतो. कोहळा कोवळेपणी लवदार असतो. पक्व होताना लव झडते आणि अंगावर पांढरी भुकटी चढते. ही भुकटी म्हणजे मेणाचा थर. दाराला बांधलेला कोहळा दीर्घकाळ टिकतो त्यामागे या थराचा आणि कडक सालीचा मोठा वाटा आहे.

कलिंगड वेलीवरून काढल्यावर अधिक गोड होत नाही, म्हणून त्याची पारख काटेकोर हवी. फळाच्या देठालगतचा तणावा, म्हणजे वेलीची आधार शोधणारी दोरी, पूर्ण वाळलेला असावा. जमिनीकडील पांढरा डाग लोणीसारखा पिवळा व्हावा आणि टिचकी मारल्यावर ठणठणीत आवाजाऐवजी बदबद आवाज यावा. एका खुणेवर विसंबू नये, तिन्ही जुळल्या की फळ काढावे. अनेक जातींच्या खरबुजाचा देठ पिकल्यावर फळापासून आपोआप सुटू लागतो आणि सुवास दरवळतो. तेथे ओढाताण करावी लागणे हीच घाई झाल्याची खूण.

पक्वतेची परिसीमा पाहायची तर मिरजेला जावे. तेथील कारागीर ज्या भोपळ्यांपासून तंबोरा आणि सतार घडवतात, ते पंढरपूर परिसरातून येतात. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते पूर्ण पक्व करून टणक होईपर्यंत वाळवले जातात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी नदी ओलांडण्यासाठी वाळलेले भोपळे एकत्र बांधून ‘सांगड’ तयार करीत. कोवळ्या फळाची भाजी आणि पक्व फळाचे वाद्य किंवा तराफा, असे एकाच कुळाचे दोन उपयोग केवळ तोडणीच्या वेळेवर अवलंबून असतात.

कडू लागले तर

घरच्या भाजीवरील विश्वास योग्यच, पण एका बाबतीत तो डोळस असावा. दुधी, काकडी, दोडका आणि भोपळा यांच्या रानटी पूर्वजांत ‘कुकुर्बिटासिन’ नावाची अत्यंत कडू आणि विषारी द्रव्ये असतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून खाण्याच्या जातींत ती जवळजवळ नाहीशी झाली. तरीही पाण्याचा ताण, तीव्र ऊन किंवा रानटी वाणाशी झालेला संकर यांमुळे ती पुन्हा वाढू शकतात. दिल्लीत २०१० मध्ये कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असे बजावण्यात आले. २०१८ मध्ये पुण्यातही अशीच दुर्घटना घडली. जर्मनीत २०१५ मध्ये शेजाऱ्याच्या बागेतील कडू झुकिनी खाल्ल्याने एका वृद्धाचा मृत्यू झाला होता.

म्हणून दुधी, दोडका किंवा काकडी चिरताना प्रथम लहानशी फोड जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर ती थुंकून फळ टाकून द्यावे. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही, मीठ-साखरेने ते फक्त झाकले जाते. काकडीचे टोक कापून घासण्याची रीत जुनी असली तरी ती खऱ्या कडू काकडीला सुरक्षित करीत नाही. कडू रस पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी किंवा चक्कर जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा म्हणून ठरावीक औषध उपलब्ध नाही, त्यामुळे लवकर उपचार महत्त्वाचे ठरतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख हवा. कारल्याशेजारी दुधी लावल्याने दुधी कडू होतो, असे म्हणतात. तसे होत नाही. दोन्ही वेल वेगळ्या वंशातील असल्याने त्यांचा संकर होत नाही आणि कारल्याचा कडूपणा त्याच्या स्वतःच्या निराळ्या द्रव्यांमुळे असतो. धोका उद्भवतो तो एकाच जातीच्या गोड आणि कडू वाणांचा संकर झाल्यास. तोही त्या फळात दिसत नाही, तर त्याच्या बियांपासून उगवलेल्या पुढच्या पिढीच्या वेलींवर दिसतो.

इतर भाज्यांचे वेळापत्रक

कोवळे आणि पक्व हा निकष बागेतील अन्य भाज्यांनाही लागू पडतो. भेंडी फुलापासून पाच-सहा दिवसांत तयार होते. तिचे टोक मोडताना ‘टक्’ असा आवाज आला तर ती कोवळी, वाकून चिवटपणे लोंबली तर जून. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘परभणी क्रांती’सारख्या जातीचीही तोडणी एक दिवसाआड करावी लागते. गवारीच्या शेंगेला हीच परीक्षा पुरते. वांग्याचे तारुण्य त्याच्या चकाकीत असते. अंगठ्याने हलके दाबल्यावर साल पूर्ववत झाली तर ते योग्य, खळगा तसाच राहिला आणि तेज उतरले तर आत बी काळपट झालेले असते.

टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी. हिरव्यावर पहिली गुलाबी झाक उमटली की त्याची आतली पक्वता सुरू झालेली असते. त्यानंतर तो घरातही चांगला पिकतो. तापमान ३० अंशांच्या बरेच वर गेले की लाल रंग नीट भरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात म्हणूनच टोमॅटो झाडावर पूर्ण लाल होण्याची वाट पाहू नये. गुलाबी होताच तो काढून घरात सावलीला ठेवावा.

पालेभाज्यांत फुलोरा हा इशारा मानावा. मेथी महिनाभरात, तर कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत काढावी. मधला दांडा वर येऊ लागला की पाने विरळ आणि उग्र होतात. पालक मुळासकट न उपटता जमिनीपासून दोन बोटे वर कापला तर पुन्हा फुटतो. मुळा भरला की लगेच काढावा, अन्यथा आतून भेंड पडते. कांद्याची वेळ तर स्वतः कांदाच सांगतो. वाफ्यातील निम्म्या पातींच्या माना पडल्या की तो काढणीस आला. त्याआधी दोनएक आठवडे पाणी तोडलेले असेल तर तो साठवणीत टिकतो.

तोडण्याची रीत

तोडणी शक्यतो सकाळी, दव सुकल्यावर करावी. तेव्हा फळात पाणी भरलेले आणि उष्णता कमी असते. ओल्या वेलींत हात घातल्याने रोग एका पानावरून दुसऱ्यावर पसरतात. फळ पिरगाळून ओढण्याऐवजी धारदार कात्रीने थोडा देठ ठेवून कापावे, कारण ओढाताणीत वेलीची साल सोलली जाते. ऐन हंगामात वेलींवरून रोज एक फेरी मारावी आणि पाने वर उचलून खालची बाजू पाहावी. हिरव्या पानांत हिरवे फळ सहज लपते. फळमाशीने डंख केलेली, वाकडी किंवा सडकी फळेही वेलीवर ठेवू नयेत, जमिनीवरही टाकू नयेत. त्यांतील अळ्या मातीत कोश करून पुढच्या पिकावर येतात.

हंगाम संपत आला की सर्वांत निरोगी वेलीवरील एक-दोन फळे बियांसाठी राखता येतात. ती मात्र पूर्ण पक्व होऊ द्यावीत. दुधीची साल टणक व्हावी, काकडी पिवळी पडावी, दोडका वाळून हलवल्यावर आत बी खुळखुळावे. या फळांमुळे वेलीचे उत्पन्न थांबणारच असल्याने ती अखेरच्या बहरातील असावीत आणि ज्या वेलीवर एकही कडू फळ आले असेल, तिचे बी कधीही धरू नये. परिसरात रानटी किंवा शोभेचे भोपळे असतील, तर घरचे बी वापरण्यापेक्षा विश्वसनीय ठिकाणाहून विकत घेतलेले बी अधिक सुरक्षित. जातींची निवड आणि लागवडीविषयी छत्रपती संभाजीनगरच्या पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांकडून सल्ला घेता येतो. पण फळ कोणत्या सकाळी तोडायचे, हे त्या सकाळी वेलीजवळ उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते. त्यासाठी दोऱ्यावर टिपलेली तारीख, सालीवरची लव, देठाचा रंग आणि नखाचा एक हलका दाब एवढे पुरेसे असते.